पाचवा चिंचोका

२१ नोव्हें. १९९९, शहापूर

हे सातला आले. क्लबात वयस्क खेळाडूंची गोल्फची मॅच होती, तिसरे आले. चहा घेताना एकच वाक्य : "वारा होता." तिसऱ्या नंबरचं सगळं दुःख त्या वाऱ्यावर सोडून मोकळे.

पँट भिजवण्याआधी खिसे पाहिले. डाव्यात सहा चिंचोके, उजव्यात चार.

"अठराव्या होलला सहा?"

"सहा. कार्डावर पण सहाच आहेत, बाई. तपासून घ्या."

बत्तीस वर्षं हाच संवाद. दहा चिंचोके उजव्या खिशात घेऊन निघायचं, फटका मारला की एक डाव्या खिशात. चेंडू होलमध्ये पडला की डावे मोजून आकडा सांगायचा आणि सगळे परत उजवीकडे. शेवटच्या होलचे मात्र परत टाकत नाहीत. ते घरी येतात, माझ्यासाठी. लहानपणी साहेबांच्या बॅगा उचलायचे तेव्हा लिहिता येत नव्हतं, तेव्हाची ही मोजणी. लिहायला मी शिकवलं, पण चिंचोके सुटले नाहीत. सुटावेत असं मलाही कधी वाटलं नाही.

वाटीत ठेवले. मॅचच्या दिवशी सकाळी दहाचे दहा परत खिशात घालून द्यायचे हे माझं काम.


१२ डिसें. १९९९, वैशाखरे

दोन दिवस आक्कांकडे. भात झोडून झालंय, खाचरं मोकळी. हे एका बांधावरून दुसऱ्या बांधावर चेंडू उडवत बसलेत. आक्का सूप घेऊन ओट्यावर. भावाची चेष्टा केल्याशिवाय त्यांचं पाखडणं होत नाही.

"अरं दत्तू, येवड्याशा चेंडूला येवडा दांडा! आन मारून परत त्याच्या मागं तूच चालायचा. त्यापरीस गुरा राख. ती तरी सांच्याला सोताहून घरी येतात."

हे हसले. "आक्का, गुरं राखली असती तर शालन मिळाली असती का?"

"ती बी खरा." मग माझ्याकडे वळून, हळू : "पन ह्यो खोटा नाय बोलायचा गो. चिंचा पाडल्या तवा आमी समदी नाय नाय बोललो. ह्यो एकलाच बोलला, मी पाडल्या. समद्यांचा मार ह्यानं खाल्ला."

संध्याकाळी वाडीतली माणसं जमली आणि कलकत्त्याची गोष्ट सांगायला लावली. मला शब्द न् शब्द पाठ. देशाच्या स्पर्धेचा शेवटचा दिवस. तळ्याकाठचं सुकं गवत, आसपास झाड नाही, सावली नाही. चेंडूमागे दांडा टेकवला आणि चेंडू केसभर हलला. कोणी पाहिलं नव्हतं. यांनी हात वर करून पंचांना बोलावलं, "माझ्यावर एक फटका धरा." दंडाच्या त्या एका फटक्याने विजेतेपद गेलं. पुढची दोन वर्षं लागोपाठ हेच देशात पहिले आले, पण त्या दोन जिंकण्यांची गोष्ट कोणी विचारत नाही. सगळ्यांना ते हरणंच हवं असतं.

मलासुद्धा. क्लबच्या ऑफिसात मी निकाल टाइप करायची, ते सोडून तेव्हा सात वर्षं झाली होती. तार आली तेव्हा रडले होते. अभिमानाने.


३ जाने. २०००

नवी वही. जुनी एक तारखेलाच संपायला हवी होती, पण दोन पानं उरली होती आणि टाकवेना.

रोज लिहायची सवय मिशनच्या वसतिगृहातल्या सिस्टर अगाथांची. झोपण्याआधी मुलींनी दिवसातली एक चूक वहीत लिहायची, कोणाला दाखवायची नाही. आम्ही हिंदू मुलीही लिहायचो. बेबी नावाच्या मुलीच्या चुका संपल्या, तेव्हा ती माझ्याकडून उसन्या घ्यायची!


३० ऑक्टो. २००१

बरेच महिने काही लिहिलं नाही. आज लिहिते.

तांदळाच्या डब्यात हात घातला आणि आत गोल्फचे तीन चेंडू. यांना विचारलं. म्हणाले, "दमट हवेत खराब होतात, म्हणून ठेवले." हसून म्हणाले. मीही हसले. पण दसरा होऊन गेलाय, हवा कोरडी आहे.


१८ नोव्हें. २००१

दर रविवारी सकाळी हे भातसानगरला जातात. धरणाच्या कॉलनीचं मैदान आहे, तिथे सरावाला. अकराला येतात. आज दीड वाजला. मग धरणावरचे एक वॉचमन यांना स्कूटरवर मागे बसवून घेऊन आले.

"बाई, सर भिंतीकडच्या रस्त्याला हुभे होते. इच्यारला तर बोलले, शहापूरची गाडी कवा येतेय. तिथं गाडी येतच नाय."

हे ऐकून न ऐकल्यासारखं करून बूट काढत होते. जेवताना म्हणाले, पाणी बघत बसलो होतो. फार पाणी आहे गं यंदा.


२ डिसें. २००१

इब्राहीमभाईंचा फोन. जानेवारीतली वयस्कांची मोठी स्पर्धा, हे दोघं खेळणार. दोघांनी एकाच वर्षी, एकाच झाडाखाली बसून बॅगा उचलायला सुरुवात केली. हे दोनदा देशात पहिले. इब्राहीमभाई चाळीस वर्षांत एकही मोठी स्पर्धा जिंकले नाहीत. दुसरे येण्यात मात्र त्यांचा हात कोणी धरणार नाही.

"भाभी, त्याला बोला या वेळी मला सोडायचं. माझं पण वय झालं. घरात शोकेस घेऊन ठेवलाय, आत नुसते कपबशी."

मी निरोप सांगितला. हे म्हणाले, "त्याला सांग, शोकेसला कुलूप लाव."


१३ जाने. २००२

फोन आला. जिंकले. एका फटक्याने. दुसरे इब्राहीमभाई.

देवाजवळ साखर ठेवली. मग वाटलं, डब्यातल्या चेंडूंचं आणि धरणाच्या रस्त्याचं मी उगाच मनावर घेतलं होतं. माणूस एकसष्ट वर्षांचा आहे आणि देशभरातल्या खेळाडूंना हरवून येतोय. विसराळूपणा तर मलाही आहे, चष्मा डोळ्यावर ठेवून चष्मा शोधते.


१४ जाने. २००२, संक्रांत

दुपारी आले. हातात चषक, गुंडाळलेला माझ्याच जुन्या टॉवेलमध्ये. तिळगूळ दिला. "गोड बोल," म्हणाले, "आज तरी खिसे तपासू नकोस."

चेष्टाच होती. पण मी तपासले.

डाव्यात पाच.


१४ जाने., पुन्हा

उजव्यातही पाच. एकूण दहा. म्हणजे एखादा जास्तीचा खिशात आलाय असं नाही.

मी विचारलं, "अठराव्याला पाच?"

"चार," हे म्हणाले. टीव्ही लावत होते. "चार गं. पाच असते तर बरोबरी झाली असती. इब्राहीमबरोबर परत खेळावं लागलं असतं."

कार्डाची प्रत बॅगेत होती. अठरा : चार. खाली यांची सही. शेजारी आकडे लिहिणाऱ्याची सही, ती इब्राहीमभाईंची. शेवटच्या जोडीत दोघंच होते. आपलं कार्ड आपण लिहायचं नसतं, जोडीदाराने लिहायचं. आपण फक्त वाचून सही करायची.

वाटीत ठेवले नाहीत. पाच चिंचोके माझ्या शिवणाच्या डब्यात, बटणांखाली. यांना दुसरे पाच घालून दहा पुरे करीन, आक्कांनी दिलेली चिंचोक्यांची पिशवी आहे.

आजची चूक काय लिहू? अजून कळत नाही, कोणाची.


१६ जाने.

दोन दिवस एकच गोष्ट डोक्यात. क्लबात असताना नियमांचं पुस्तक मीच टाइप केलं होतं, तीन कार्बन लावून. निकाल लागला की लागला. नंतर चूक सापडली तरी बदलत नाही. एक अपवाद. खेळाडूला सही करताना माहीत असेल की आपल्यावर दंडाचा फटका आहे, आणि तरी त्याने तो धरला नसेल, तर त्याचं नाव कधीही काढून टाकता येतं. वर्षानंतरसुद्धा.

म्हणजे सगळं एवढ्यावर आलं : यांना माहीत होतं का?

हाताला माहीत होतं. हाताने पाचवा चिंचोका डावीकडे टाकला.


२४ जाने.

इब्राहीमभाई आले. आसनगावला उतरून रिक्षाने. बरोबर मिठाईचा बॉक्स. यांना कडकडून मिठी. "साला, शोकेसला कुलूप लावलं बघ!" दोघं हसत बसले. हे बाजारात नारळ आणायला गेले तेव्हा हसू थांबलं.

"भाभी, मी काय बोलतो. तुमी खिसे बघता ना अजून?"

"बघते."

"अठराव्याचे किती होते?"

मी चहा गाळत होते. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं. दुसरा फटका करंजाच्या झाडाखाली गेला. हे खाली वाकून आत, इब्राहीमभाई बाहेर. काही दिसलं नाही. चेंडू बाहेर आला, मग होलमध्ये गेला, लोक टाळ्या वाजवायला लागले. "मी विचारलं, दत्ता, चार? तो बोलला, चार. मी लिहिलं. पण भाभी, आकडा सांगताना त्याने खिशात हात नाही घातला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मोजलेच नाहीत त्याने."

"चार होते," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. चेहरा एकदम मोकळा झाला, आणि तेच मला बघवेना. "बस. मग काय बात नाही. माझ्याच मनात घाण आली."

जाताना माझ्या पाया पडले. माझ्याहून वर्षाने मोठे आहेत.

आजची चूक : मी खोटं बोलले. बेबीसारखी उसनी नाही. माझी.


२ फेब्रु.

वैशाखऱ्याहून निरोप. सतरा तारखेला गावात सत्कार. शाळेच्या पटांगणात मांडव घालणार. आक्कांनी निरोप्याबरोबर नाचणीचं पीठ पाठवलंय. "दत्तूला बोल, भासन थोडक्यात कर. मान्सा जेवायला येनार हायेत."

इब्राहीमभाईंना यांनी स्वतः बोलावलंय.


१७ फेब्रु., वैशाखरे

 सगळं क्रमाने लिहिते.

मांडव, पताका, शाळेची मुलं. मुरबाडहून दोन पुढारी. पहिल्या रांगेत मी, आक्का, इब्राहीमभाई. आक्का पुन्हा पुन्हा त्यांना विचारत होत्या, "तुमी बी ह्याच्यावानीच चेंडूमागं चालता का वो?" "हां आक्का. फक्त मी मागून चालतो." सगळी हसली.

शाल, नारळ. मग हे उभे राहिले. नेहमीप्रमाणे कलकत्ता. मी शब्द मनात म्हणत होते, सुकं गवत, तळं, झाड नाही...

"झाडाखाली होतो," हे म्हणाले. "करंजाचं झाड. वाकून आत गेलो. दांडा टेकवला आणि चेंडू केसभर हलला. कोणी पाहिलं नव्हतं. मी बाहेर आलो आणि म्हटलं, इब्राहीम, माझ्यावर एक फटका धर."

टाळ्या. केवढ्या टाळ्या.

कलकत्त्याला झाड नव्हतं. इब्राहीमभाईही नव्हते, त्या वर्षी त्यांना टायफॉइड होता.

मी मान वळवली नाही. पण इब्राहीमभाईंच्या बशीतून चहा सांडत होता, आणि ते पुसत नव्हते.

जेवायला थांबले नाहीत. एस्टीच्या थांब्यापर्यंत मी गेले.

"भाभी, करंज आपल्याकडे आहे. अठराव्याला."

"हो."

"आणि तुमी चार बोललात."

मालशेजकडून येणारी गाडी वळणावर दिसली. धुळीत त्यांनी डोळे पुसले, किंवा धूळच असेल.

"त्याने मला सांगितलं असं त्याला वाटतंय ना? का त्याला माहिती आहे, नाही सांगितलं, आणि आता सगळ्यांसमोर सांगून टाकलं?"

  गाडी आली, ते चढले. खिडकीतून हात केला नाही.


१८ फेब्रु., वैशाखरे

सकाळी आक्का म्हणाल्या, "इब्राम जेवला नाय. काय झाला गो?"

"घाई होती."

"दत्तू काल मला आई बोलला. दोनदा." सुपातून खडे वेचत होत्या, वर पाहिलं नाही. "म्या काय त्याला वळखत नाय काय? त्याच्या डोळ्यांत मी नव्हती."


९ मार्च

शहापूरच्या डॉक्टरांकडे नेलं, रक्तदाबाच्या निमित्ताने. त्यांनी गप्पा मारल्यासारखे प्रश्न विचारले. महिना कोणता? "मार्च. दिल्लीची स्पर्धा." दिल्लीची स्पर्धा बंद होऊन दहा वर्षं झाली. मग तीन शब्द लक्षात ठेवायला दिले, पाच मिनिटांनी विचारले. यांचा उजवा हात खिशाकडे गेला. तिथे काही नव्हतं.

"वय आहे," डॉक्टर म्हणाले, "तरी मुंबईला दाखवा. कागद झालेला बरा."

कागद झाला तर सिद्ध होईल की यांना आठवत नव्हतं. यांनी लबाडी केली नाही. नाव राहील. आणि हे जातील, हळूहळू, तांदळाच्या डब्यातून, धरणाच्या रस्त्याने, जिथे गाडी येत नाही तिथे.

आणि हे विसरले नसतील, तर हे माझ्याजवळ राहतील. पण मग सही करणारा हात कोणाचा होता?

दोन्हींतलं कोणतं मागू? सिस्टर अगाथांनी हे शिकवलं नव्हतं.


१० मार्च

मुंबईच्या डॉक्टरांना फोन केला नाही. उद्या करीन.


२१ एप्रिल

क्लबचं पत्र. जाड कागद. खिलाडूवृत्तीसाठी दरवर्षी एक चषक द्यायचं ठरलंय, यांच्या नावाचा. पहिला यांनी स्वतःच्या हाताने द्यायचा, ऑगस्टअखेर. "ज्यांनी कोणी पाहत नसताना स्वतःवर फटका धरला," असं पत्रात आहे.

यांनी ते चार वेळा वाचून घेतलं माझ्याकडून. प्रत्येक वेळी नव्याने आनंद झाला.


५ मे

इब्राहीमभाईंना तीनदा फोन केला. "घरी नाहीत." सून सांगते. मागे त्यांच्या खोकल्याचा आवाज येतो.


१९ जून

आता घरातही चिंचोके चालतात. पोळी खाल्ली, एक डाव्या खिशात. गोळी घेतली, एक. फाटकापर्यंत गेले, एक. मी विचारलं, काय मोजताय? म्हणाले, "सांगायला लागतं ना नंतर."

"कोणाला?"

माझ्याकडे असं पाहिलं, जसं मीच काहीतरी विसरलेय.


७ जुलै

दुपारी दहाही चिंचोके डावीकडे संपले. अकरावा शोधत घरभर फिरले. ओट्याखाली, देवामागे. शिवणाच्या डब्याला हात लावला तेव्हा मी ओरडले. आजवर यांच्यावर ओरडले नव्हते. डबा खाली ठेवला आणि लहान आवाजात म्हणाले, "बटण हवं होतं."

शर्टाची सगळी बटणं जागेवर होती.


२३ जुलै

मुंबईच्या डॉक्टरांना फोन केला नाही. चार महिने होऊन गेले "उद्या"ला. आता मी काय करतेय ते मला कळतंय. कागद नाही तोवर दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत.


४ ऑगस्ट

सकाळपासून भातसाचे दरवाजे उघडणार म्हणून भोंगा. हवा इकडची असली की आवाज शहापुरात येतो. क्लबात विजांच्या आधी असाच भोंगा वाजतो, म्हणून हे दर वेळी उठून उभे राहतात. "विजा होतील. खेळ थांबवलाय. चेंडू आहे तिथेच ठेवायचा, हलवायचा नाही." आणि खरंच हलत नाहीत. पलंगाशी तसेच उभे, भोंगा थांबेपर्यंत. मी शेजारी उभी राहिले.

आवाज थांबल्यावर यांनी माझा हात धरला आणि अगदी स्वच्छ विचारलं, "इब्राहीम का येत नाही?"

"कामात असतील."

"मी त्याचं काही घेतलंय का?"

मी हात सोडवून स्वयंपाकघरात आले. दूध उतू गेलं होतं.


५ ऑगस्ट

इब्राहीमभाईंना पत्र लिहिलं. चारदा फाडलं. पाचव्यांदा एवढंच राहिलं : "पाच होते. मी खोटं बोलले. चिंचोके माझ्याकडे आहेत. यांना काय माहीत होतं ते मला माहीत नाही. महिनाअखेर चषकाचा समारंभ आहे. त्याआधी तुम्ही ठरवा, तुम्ही सांगाल ते मी करीन."

पोस्टात टाकलं आणि पेटीच्या फटीत हात घालून पाहिला. हात मावत नाही.


१४ ऑगस्ट

उत्तर. सुनेच्या अक्षरात, खाली त्यांची सही, कार्डावर असते तशीच.

"भाभी, रविवारी येतो. मी सांगणार नाही, तुमी पण सांगायचं नाही. मी दत्ताला फक्त एकदा विचारणार. तो जे बोलेल ते मी लिहीन आणि क्लबात देईन. चार बोलला तर चार."

म्हणजे पुन्हा तसंच. एक विचारणार, दुसरा आकडा सांगणार. फक्त आता टाळ्या नसतील, आणि मोजायला वेळ असेल.


१८ ऑगस्ट, रविवार

स. ६. यांना आंघोळ घातली, पांढरा शर्ट दिला. ओळखून म्हणाले, "आज मॅच आहे?" म्हटलं, इब्राहीमभाई येणार आहेत. खूष. "त्याला पोहे आवडतात. खोबरं जास्त."

स. ८. पोहे भिजवले. मग शिवणाचा डबा काढला. त्यांनी लिहिलंय, सांगायचं नाही. दाखवायचं नाही असं लिहिलेलं नाही. ही पळवाट आहे हे मला कळतं. पण आकडा सांगण्याआधी मोजायची यांची पद्धत आहे, आणि एकदा ती चुकली. माझ्यामुळे दुसऱ्यांदा चुकायला नको.

स. ९. पाचही चिंचोके पितळी वाटीत घालून यांच्यासमोर ठेवले.  सात महिने बटणांखाली राहून त्यांची चकाकी गेलीय.

यांनी वाटी ओढून घेतली. एकेक उचलून उजव्या हातातून डाव्यात टाकू लागले. ओठ हलत होते. एक, लांबचा. दोन, झाडाखाली. हे मोठ्याने म्हणाले, "झाडाखाली." मग थोडं थांबून एक टाकला, त्याचं नाव घेतलं नाही. मग बाहेर. मग होलमध्ये.

वाटी रिकामी झाली. डाव्या तळव्यात पाच.

 मग त्यांतला एक बोटाने बाजूला केला. मधला. नाव न घेतलेला. तो चिमटीत धरून माझ्यापुढे केला.

"शालू, हा मी सांगितला होता का गं?"

मी वही ओढून लिहायला बसले. हे उत्तराची वाट बघतायत, अजून बघतायत, चिमूट तशीच. मी लिहितेय म्हणून तेवढा वेळ मिळालाय.

फाटकाशी रिक्षा थांबली. खोकला. इब्राहीमभाईच.

हे उठले. मूठ बंद करून दाराकडे निघालेत. किती आहेत मुठीत ते मला इथून दिसत नाही.